नळाचे पाणी, टीडीएस मीटर आणि घरचा फिल्टर: यंत्र घेण्यापूर्वी काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शहर लहान आहे, पाणी दिवसातून काही तासच येते, ते आधी जमिनीखालच्या टाकीत आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत जाते. पावसाच्या पहिल्या काही आठवड्यांत नळाला गढूळ पाणी येते, काही दिवशी क्लोरीनचा उग्र वास येतो तर काही दिवशी तो मुळीच जाणवत नाही, आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ) मोजणाऱ्या मीटरवर आकडा 210 दिसतो. यंत्र विकायला आलेल्या माणसाने नळाच्या पाण्यात दोन सळ्या बुडवून ते तपकिरी करून दाखवले आणि आरओ, म्हणजे पाण्यातले क्षारही गाळून काढणारे यंत्र, घेण्याचा आग्रह धरला. घरात पाच महिन्यांचे बाळ आहे. तेव्हा कोणते यंत्र घ्यावे, असे आपण विचारले आहे.

मी जलशुद्धीकरण केंद्रात आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढली आहेत. या काळात घरोघरी जी गोष्ट सर्वांत जास्त वेळा पाहिली, तिच्यासाठी आपल्याकडे एक म्हणच आहे: आजार म्हशीला आणि औषध पखालीला. पाणी नेमके कुठे आणि कशाने बिघडते हे न पाहताच यंत्र भिंतीवर चढते आणि मग जो दोष पाण्यात नव्हताच तो दूर करण्यात ते वर्षानुवर्षे राबते. म्हणून यंत्राच्या नावाकडे मी शेवटी येईन.

आधी त्या तपकिरी पेल्याबद्दल. त्या उपकरणात लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची अशा सळ्यांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी नळाच्या पाण्यात, दुसरी आरओच्या पाण्यात बुडवतात आणि वीज सोडतात. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असल्यामुळे त्यातून वीज वाहते, लोखंडाची सळी झिजते आणि त्या लोखंडाचे हायड्रॉक्साइड होऊन पाण्यात तपकिरी-हिरवट साका तरंगू लागतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते पाणी स्वच्छ राहते. म्हणजे पेल्यात दिसलेला गाळ पाण्यातून आलेला नसून सळीतून आलेला आहे. पुन्हा कोणी हा प्रयोग दाखवायला आले तर त्यांच्या त्या स्वच्छ आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि सळ्या पुन्हा बुडवायला लावा. तेही पाणी मिनिटाभरात तितकेच तपकिरी होईल. सळी हातात घेऊन पाहिलीत तर तिची कड कुरतडल्यासारखी दिसेल. गेलेले लोखंड पेल्यात असते.

टीडीएस मीटरचेही दुखणे याच जातीचे आहे. ते मीटर प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिला साधारण 0.5 ते 0.7 च्या गुणकाने गुणून विरघळलेल्या घन पदार्थांचा अंदाज दाखवते. त्या आकड्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट असे सगळे एकत्र येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 600 मिलीग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी टीडीएसचे पाणी चवीला चांगले मानले जाते आणि 1000 च्या पुढे ते उत्तरोत्तर बेचव लागते. (देशोदेशीची मानके थोडी निराळी असतात, या उत्तरातील मर्यादा मी याच संघटनेच्या दिल्या आहेत.) आपले 210 हे चवीच्या दृष्टीने उत्तम पाणी आहे. मात्र ते सुरक्षित आहे की नाही याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. आर्सेनिकची मर्यादा 0.01 मिलीग्रॅम प्रति लिटर आहे. पाण्यात त्याच्या पन्नासपट आर्सेनिक असले तरी ते अर्धा मिलीग्रॅम भरेल आणि पूर्णांकात वाचणाऱ्या मीटरला त्याचा पत्ताही लागणार नाही. जंतूंना तर ते मीटर आंधळेच आहे. वीस लिटर स्वच्छ पाण्यात एक पेलाभर सांडपाणी ओतले तर त्या पाण्याने घरातील सगळे आजारी पडू शकतील, पण मीटरचा आकडा फार तर पाच-दहाने हलेल. उलट बाजूने, एखाद्या बोअरचे 700 टीडीएसचे पाणी चवीला थोडे जड, परंतु आरोग्याला पूर्ण निर्धोक असू शकते.

आता पाणी आपल्या पेल्यापर्यंत कसे येते ते पाहू, कारण पाणी कुठे मुरते ते याच वाटेवर कळणार आहे.

नदीचे किंवा धरणाचे पाणी शुद्धीकरण केंद्रात आले की त्यात तुरटी किंवा तिच्यासारखे दुसरे रसायन मिसळतात. मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे गुठळे होतात, ते तळाशी बसतात, उरलेले वाळूच्या थरात अडकतात आणि शेवटी क्लोरीन देऊन जंतू मारले जातात. तुरटीची मात्रा कच्च्या पाण्यानुसार रोज बदलावी लागते. पहिल्या मोठ्या पावसानंतर नदीचा गढूळपणा काही तासांतच कित्येक पटींनी वाढतो आणि मात्रा ठरवणारा माणूस त्या वेळी जागा नसेल किंवा बरणी चाचणी (बरण्यांत थोडे थोडे पाणी घेऊन तुरटीची योग्य मात्रा ठरवणे) न करता कालचीच मात्रा देत राहिला तर गढूळ पाणी वाळूच्या थरातून पार होते. हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात आणि क्लोरीनचे काम नीट व्हायचे असेल तर तो 1 एनटीयूच्या आत असावा लागतो, कारण मातीच्या कणांच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून वाचतात आणि मातीबरोबर आलेला सेंद्रिय कचरा क्लोरीन स्वतःच खाऊन टाकतो. क्लोरीन मिसळल्यावर किमान तीस मिनिटांनी पाण्यात 0.5 मिलीग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असावा आणि पाण्याचा सामू (पीएच) 8 च्या खाली असावा, कारण सामू वाढला की क्लोरीनची मारकशक्ती झपाट्याने घटते. ग्राहकाच्या नळाशी किमान 0.2 मिलीग्रॅम उरला पाहिजे.

लहान शहरात ही साखळी तुटली की काय होते याचे उदाहरण कॅनडातील वॉकर्टन या जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावाचे आहे. मे 2000 मध्ये तिथे मोठा पाऊस झाला, गुरांच्या शेणाचे पाणी एका उथळ विहिरीत झिरपले, क्लोरीनची मात्रा पुरेशी नव्हती आणि उरलेल्या क्लोरीनच्या नोंदी मोजमाप न करताच भरल्या जात होत्या. ई. कोलाय जातीच्या घातक जंतूने 2300 हून अधिक लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. पुढे झालेल्या चौकशीत हे सारे बाहेर आले. सांगायचा मुद्दा एवढाच की ते पाणी दिसायला वाईट नव्हते आणि तिथे कोणी टीडीएस मोजला असता तर त्यातूनही काही कळले नसते. उरलेला क्लोरीन रोज मोजला असता तर मात्र वेळेत कळले असते.

तथापि केंद्र चोख चालत असूनही घरी वाईट पाणी येऊ शकते आणि माझ्या अनुभवात हीच परिस्थिती अधिक आढळते. जिथे पाणी चोवीस तास येत नाही तिथे पुरवठा बंद झाला की जलवाहिन्या रिकाम्या होतात आणि त्यांच्यातला दाब बाहेरच्या जमिनीपेक्षाही कमी होतो. वाहिनीला जिथे भेग किंवा सैल जोड असेल तिथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते आणि शेजारून गटार जात असेल तर ते पाणी गटाराचे असते. दुसऱ्या दिवशी पुरवठा सुरू झाला की सर्वांत पुढे हेच पाणी नळाला येते. आपल्या गल्लीत कोणी नळजोडाला थेट पंप लावून पाणी खेचत असेल तर वाहिनीतला दाब पुरवठा चालू असतानाही घसरतो आणि हीच ओढ अधिक जोराने लागते. पंप लावणाऱ्याला जास्त पाणी मिळते, पण त्यात शेजाऱ्याच्या गटाराचा वाटाही असू शकतो. म्हणून पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे ते टाकीत न घेता बादल्यांत घ्यावे आणि फरशी, शौचालय किंवा झाडांसाठी वापरावे. या एका सवयीने पावसाळ्यात टाकीत शिरणारी बरीच माती बाहेरच राहते आणि यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

शिसे हाही वाहिन्यांतूनच येणारा दोष आहे. अमेरिकेतील फ्लिंट शहरात 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, नव्या पाण्यात नळ गंजू न देणारे रसायन मिसळले गेले नाही आणि जुन्या नळांतील शिसे घराघरांतल्या पाण्यात उतरले. नदीच्या पाण्यात ते शिसे नव्हते. आपले घर जुने असेल आणि आतील नळ किंवा जोड कशाचे आहेत हे माहीत नसेल तर शिशाची तपासणी एकदा करून घ्यावी. रात्रभर नळात साचलेले सकाळचे पहिले पाणी त्यासाठी द्यावे, कारण शिसे असलेच तर ते त्याच पाण्यात सर्वाधिक सापडते.

यापुढची आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे आपल्याच टाक्या. क्लोरीन मोजण्याचा डीपीडी गोळ्यांचा लहान संच मिळतो. काचेच्या नळीत दहा मिलिलिटर पाणी घ्यावे, गोळी चुरून टाकावी, हलवावे. मुक्त क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होते आणि रंगाची छटा सोबतच्या पट्टीशी जुळवून आकडा वाचता येतो. हा संच घेऊन मी कितीतरी घरांत गेलो आहे. पाणी येत असताना दारातल्या नळाचे पाणी छान गुलाबी होते. त्याच घरात संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळीत घेतले की रंगच उमटत नाही, आणि मग झाकण उचलून पाहिले की तळाशी बोटभर गाळ, भिंतीवर हिरवी शेवाळ आणि कधी कधी एखादे पीस दिसते. ऊन, शेवाळ आणि गाळ यांनी क्लोरीन संपलेला असतो आणि त्यानंतर त्या टाकीत जंतू वाढायला कोणाचाही अडथळा नसतो. अशा घरात पुरवठा करणाऱ्यांनी आपले काम केलेले असते. पाणी घराच्या आत बिघडते.

टाकी वर्षातून दोनदा धुवावी, त्यातील एकदा पावसाळा संपल्यावर. आधी गाळ काढून भिंती घासाव्यात, मग टाकी भरून दर 1000 लिटरला सुमारे 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर द्यावी. तिच्यात साधारण 33 टक्के क्लोरीन असेल तर ही मात्रा 50 मिलीग्रॅम प्रति लिटर होते. पावडर थेट टाकीत झोकू नये; बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे. घरातले सगळे नळ क्षणभर उघडून ते पाणी नळांतही खेळवावे, किमान चार तास आणि जमल्यास रात्रभर तसेच ठेवावे आणि मग सगळे पाणी सोडून देऊन टाकी पुन्हा धुवावी. ब्लीचिंग पावडरचे पाकीट उघडे राहिले तर तिचा जोर काही आठवड्यांतच उतरतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या अर्ध्या पाकिटावर विसंबू नये. झाकण घट्ट असावे, ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी असावी. जमिनीखालच्या टाकीत मात्र माणसाने एकट्याने उतरू नये. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो आणि अशा टाक्यांमध्ये माणसे गुदमरून मेलेली आहेत.

क्लोरीनच्या वासाबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण त्याबद्दल जवळजवळ सर्वांचाच उलटा समज असतो. झोंबणारा उग्र वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झाला असे नेहमीच नसते. पाण्यात अमोनिया किंवा सेंद्रिय नायट्रोजन असेल तर क्लोरीन त्याच्याशी संयोग पावून क्लोरामाइन तयार होतात आणि तो तीव्र वास पुष्कळदा त्यांचा असतो. अशा वेळी जंतू मारणारा मुक्त क्लोरीन उलट कमीच असू शकतो. संच हाती असेल तर हा भेद लगेच कळतो. मंद वास मात्र चांगले लक्षण आहे. तो नको असेल तर पाणी उघड्या तोंडाच्या भांड्यात, वर स्वच्छ कापड बांधून काही तास ठेवले की पुरे. क्लोरीनसाठी ठरवलेली आरोग्यमर्यादा 5 मिलीग्रॅम प्रति लिटर आहे आणि नळाच्या पाण्यात एवढा क्लोरीन असेल तर ते तोंडातही धरवणार नाही.

आता तपासणी. एकच बाटली प्रयोगशाळेत देऊन फारसा उपयोग होत नाही, तीन द्याव्यात. पहिली, पाणी येत असताना टाकीच्या आधीच्या नळाची. दुसरी, गच्चीच्या टाकीतून स्वयंपाकघरात येणाऱ्या नळाची. तिसरी, घरात सध्या एखादा फिल्टर असेल तर त्याच्या तोटीची. पहिली चांगली आणि दुसरी वाईट असेल तर टाकी दोषी आहे, दुसरी चांगली आणि तिसरी वाईट असेल तर फिल्टरच दोषी आहे. हा दुसरा प्रकार आपल्याला वाटेल तितका दुर्मीळ नाही. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक करून घ्यावी. तिच्या तळाशी सोडियम थायोसल्फेटचे दोन-चार थेंब किंवा पांढरे कण असतात, ते धुऊन टाकू नयेत. ते पाण्यातला क्लोरीन निष्प्रभ करतात, नाहीतर नमुन्यातले जंतू वाटेतच मरतील आणि अहवाल खोटाच चांगला येईल. नळाची तोटी पुसावी, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, बाटलीच्या तोंडाला बोट न लावता भरावी, वर थोडी जागा रिकामी सोडावी आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून दुसऱ्या दिवशी आणलेल्या नमुन्याचा जंतूंचा अहवाल मी स्वतः कधीच देत नसे. प्रयोगशाळा दूर असेल तर हायड्रोजन सल्फाइडची कुपी वापरता येते: तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबदार जागी ठेवतात आणि पाणी काळे पडले तर ते विष्ठेने दूषित असण्याचा दाट संशय घ्यावा. ही चाचणी ढोबळ आहे, पण फुकट जाणारी नाही.

रासायनिक तपासणीत गढूळपणा, सामू, टीडीएस, काठिण्य (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा), नायट्रेट, फ्लोराइड आणि लोह एवढे पहिल्यांदा करावे. आपल्या पुरवठ्यात बोअरचे पाणी मिसळत असेल तर आर्सेनिकही. धरणाच्या किंवा नदीच्या पाण्यात फ्लोराइड आणि आर्सेनिक सहसा क्वचित सापडतात. जमिनीखालच्या खडकांतून येणाऱ्या पाण्यात ते सापडू शकतात. फ्लोराइडची मर्यादा 1.5, नायट्रेटची 50 मिलीग्रॅम प्रति लिटर आहे. ही तपासणी कोरड्या दिवसांत एकदा आणि पावसाळ्यात एकदा अशी दोनदा झाली तर चित्र पुरते स्पष्ट होते.

किटलीतला पांढरा थर हा कॅल्शियम कार्बोनेटचा आहे. पाण्यातले बायकार्बोनेट उकळल्यावर फुटते आणि कॅल्शियम खाली बसते. तो थर आरोग्याला अपायकारक नाही, फक्त हीटरचा शत्रू आहे. विक्रेते या थरासाठीही आरओ सुचवतात, तर काही जण सगळ्या घरासाठी सॉफ्टनर. सॉफ्टनर पाणी शुद्ध करत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. 100 मिलीग्रॅम काठिण्य काढले की लिटरमागे 46 मिलीग्रॅम सोडियम पाण्यात येतो. हीटर आणि कपडे धुण्याच्या यंत्रासाठी त्याचा उपयोग आहे, पिण्यासाठी नाही.

आता फिल्टर. घरातल्या यंत्राच्या डब्यात खरे तर तीन-चार वेगवेगळी कामे करणारे भाग एकामागे एक बसवलेले असतात आणि प्रत्येकाला एकच काम येते. पहिला धाग्याचा स्पन फिल्टर फक्त माती अडवतो. सक्रिय कार्बन क्लोरीन, वास, रंग आणि काही सेंद्रिय रसायने शोषतो. क्षार आणि जंतू त्याला अडवता येत नाहीत. उलट तो क्लोरीन काढून टाकतो म्हणून त्याच्यापुढचे पाणी निराधार होते आणि जुन्या कार्बनमध्ये जंतूंची वस्ती होते. दोन वर्षे न बदललेले एक कार्बन कार्ट्रिज मी करवतीने कापून उघडले होते. आतल्या काळ्या दाण्यांवर बोट फिरवले तर शेवाळलेल्या दगडावर लागतो तसा बुळबुळीतपणा लागला. त्या घरात तिसऱ्या बाटलीचा अहवाल पहिल्या बाटलीपेक्षा वाईट होता, म्हणजे फिल्टर नसता तर पाणी अधिक चांगले होते.

जुन्या पद्धतीची चिनीमातीची कँडल आजही वाईट नाही. ती जीवाणू आणि त्याहून मोठे परजीवी बऱ्याच अंशी अडवते, वीज मागत नाही आणि मऊ ब्रशने, साबण न लावता घासली की पुन्हा चालू लागते. तडा गेला मात्र ती त्याच दिवशी टाकावी. विषाणू तिच्यातून पार होतात. यामागे एक सुंदर इतिहास आहे: पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत चेंबरलँड यांनी 1884 मध्ये चिनीमातीचा असा फिल्टर केला, आणि 1892 मध्ये रशियात इव्हानोव्स्की यांना दिसले की तंबाखूच्या रोगट पानांचा रस या फिल्टरमधून गाळूनही रोग पसरवतो. विषाणू या कल्पनेची सुरुवात तिथे झाली. यूएफ म्हणजे अतिसूक्ष्म पोकळ तंतूंची गाळणी, तिची छिद्रे 0.01 ते 0.1 मायक्रॉनची, ती जीवाणू आणि परजीवी चांगले अडवते, विषाणू काही प्रमाणात, क्षार अजिबात नाही.

यूव्ही म्हणजे अतिनील दिव्याची 254 नॅनोमीटरची किरणे जंतूंच्या जनुकीय द्रव्यावर घाव घालतात आणि क्लोरीनला दाद न देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवींवरही चांगली चालतात. यंत्रावर 40 मिलीज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर ही मात्रा लिहिलेली आहे का ते पाहावे. दोन गोष्टी मात्र विक्रेता सांगत नाही. गढूळ पाण्यात किरण पोहोचत नाहीत, म्हणून आधी माती काढलीच पाहिजे. आणि दिवा निळा दिसतो म्हणून तो काम करतो असे नाही. साधारण आठ-नऊ हजार तासांनंतर दृश्य प्रकाश तसाच राहतो, पण जंतू मारणारी किरणे क्षीण होतात. आपल्या किटलीत जमतो तोच पांढरा थर दिव्यावरच्या क्वार्ट्झच्या नळीवरही जमतो, म्हणून आपल्याकडे ती नळी दर सहा महिन्यांनी पुसून घ्यावी लागेल.

आरओचा जन्म खाऱ्या पाण्यासाठी झाला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये सिडनी लोएब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी उपयोगात आणता येईल असा पडदा (मेम्ब्रेन) तयार केला आणि 1965 मध्ये कॅलिफोर्नियातील कोलिंगा या खारट पाण्याच्या छोट्या गावात त्याचे केंद्र सुरू झाले. खारे पाणी, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक यांच्यासाठी घरात याहून सोयीचे साधन नाही. आर्सेनिकचे त्रिसंयुजी रूप मात्र मेम्ब्रेनमधून बऱ्यापैकी निसटते, त्यामुळे तिथे नंतरची तपासणी अनिवार्य समजावी. परंतु 210 टीडीएसच्या पाण्यावर आरओ लावले तर 10-20 टीडीएसचे सपक पाणी हाती येते, लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी गटारात जाते आणि ज्या गोष्टीची भीती होती ते जंतू टाकीत होते तिथेच राहतात. शिवाय चव परत आणण्यासाठी बऱ्याच यंत्रांत टीडीएस कंट्रोलर म्हणून एक लहान झडप असते. ती कच्च्या पाण्याचा काही भाग मेम्ब्रेनला वळसा घालून पुढच्या पाण्यात मिसळते. फ्लोराइड किंवा आर्सेनिकसाठी आरओ घेतला असेल आणि ही झडप उघडी असेल, तर जे काढण्यासाठी यंत्र घेतले तेच पुन्हा पेल्यात येते. ज्यांच्या पाण्यात हे दोष आहेत त्यांनी ती झडप पूर्ण बंद करून घ्यावी.

बाळासाठी वेगळे सांगतो. वरचे दूध कालवायला पाणी उकळूनच घ्यावे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, समुद्रसपाटीपासून 2000 मीटरहून उंच जागी तीन मिनिटे, आणि त्याच भांड्यात झाकून निववावे. उकळण्याने सर्व प्रकारचे रोगजंतू मरतात, यंत्र कोणतेही असो. नायट्रेट मात्र उकळण्याने जात नाही, पाणी आटल्यामुळे थोडे वाढतेच, आणि सहा महिन्यांखालील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्याने घटू शकते. म्हणून नायट्रेटचा अहवाल येईपर्यंत पाणी एकदाच उकळावे, तेच ते पुन्हा पुन्हा उकळत ठेवू नये. अहवालात आकडा 50 च्या वर आला तर बाळाला ते पाणी देऊ नये.

एकूण आपल्या घरासाठी माझा सल्ला असा. यंत्राचा निर्णय महिनाभर थांबवा. दोन्ही टाक्या वर सांगितल्याप्रमाणे धुऊन घ्या, पहिले पाणी बाजूला सोडण्याची सवय लावा, मग तीन बाटल्या किंवा सध्या फिल्टर नसेल तर दोन द्या. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक मर्यादेत असतील तर 5 मायक्रॉनचा स्पन, कार्बन आणि त्यानंतर यूव्ही किंवा यूएफ, एवढेच यंत्र आपल्याला पुरेल. दोन्ही असतील तर अधिक चांगले. वीज वारंवार जात असेल तर यूएफ असलेले घ्या. कार्ट्रिज बसवताना तिच्यावर ठळक अक्षरांत तारीख लिहून घ्या, कारण दुरुस्तीला येणारा माणूस दर वेळी बदलतो. पावसाळ्यात स्पन तपकिरी दिसू लागला की ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. गावाला जाऊन आठवड्याने परतलात तर यंत्राच्या टाकीतले सगळे पाणी एकदा सोडून द्या.

पहिलीच बाटली दूषित निघाली, म्हणजे पाणी घरात शिरतानाच खराब आहे असे दिसले, तर घरातले यंत्र हा त्यावरचा उपाय नव्हे. शेजारच्या दोन घरांचे नमुनेही त्याच दिवशी द्या आणि तिन्ही अहवाल एकत्र जोडून पाणीपुरवठा विभागाला लेखी कळवा. वाहिनीवर एकापाठोपाठ असलेल्या घरांपैकी कोणत्या घरापासून पाणी बिघडते हे दिसले की फुटलेला जोड कुठे शोधायचा ते त्यांना कळते आणि सगळा रस्ता खणावा लागत नाही. जोड दुरुस्त होऊन दुसरा नमुना स्वच्छ येईपर्यंत पिण्याचे पाणी उकळावे.